निळ्या दोऱ्याची पुडी

एकोणीसशे एकसष्ट सालच्या ऑक्टोबरात, एका सकाळी, थोरली वाफ्याच्या कडेला गुडघे टेकून माती उकरत होती. खुरपे बाजूला पडले होते. ती बोटांनीच उकरत होती आणि काही हाताला लागले की ते नाकाजवळ नेऊन, डोळे बारीक करून पाहत होती.

मधल्या भिंतीपलीकडे धाकटी झारी घेऊन उभी होती. तिच्या वाफ्यात बावीस कोंब वर आले होते. ही बातमी सांगायची म्हणून ती तीन दिवस भिंतीपर्यंत येत होती आणि परत जात होती.

दोघी सख्ख्या जावा. घर एकच, मधून दुभागलेले. भिंत सासऱ्यांनी घातली होती, ती मुद्दाम कमरेएवढीच. "भांडताना एकमेकींचं तोंड दिसलं पाहिजे, नाहीतर भांडण लांबतं," असे ते म्हणत.

"काय शोधताय, ताई?"

"कानातलं पडलं."

थोरलीच्या दोन्ही कानांत कानातली होती. धाकटीने ती पाहिली आणि झारी खाली ठेवली.

"ताई, एक सांगू? रागावू नका हं. या वर्षी माझं उगवलं."

"काय उगवलं?"

"वासाचा वाटाणा. बावीस आलेत."

"तण असेल. तुला काय कळतंय त्यातलं?"

"नाही हो. दोन-दोन पानं फुटलीत. या ना, बघा तरी."

थोरली उठली. गुडघ्यांची माती न झटकता भिंतीशी आली, वाकली आणि हात खाली सोडून तिने एक कोंब दोन बोटांत धरला. देठाच्या दोन्ही कडांना कातरलेल्या कागदासारखी बारीक पट्टी होती. ही खूण तिला डोळे मिटूनही कळली असती. तिने कोंब सोडला.

"पुडीला दोरा कुठला होता?"

"दोरा?"

"पुडीचा दोरा गं! रंग कुठला होता?"

"पांढरा."

"नीट आठव."

"आठवायचं काय त्यात? आहे ना माझ्याकडे, मी दोरे टाकत नाही. दर वर्षी निळा असतो. या वर्षी पांढरा निघाला. मला वाटलं, तुमचा निळा संपला असेल."

थोरली वळली आणि खुरपे तिथेच टाकून घरात गेली. जाताना तिच्या मुठीतले काहीतरी भिंतीवर पडले होते. धाकटीने ते उचलून चिमटीत दाबले. बी होते. मऊ पडलेले, साल सुटलेले, आत ओल्या पिठासारखा लगदा. असे बी तिने अठरा वर्षे आपल्या वाफ्यातून उकरून काढले होते.

त्या फुलाला बियाणेवाल्यांच्या यादीत स्वीट पी म्हणतात. या घरात त्याला वासाचा वाटाणा म्हणत. तो सासूने आणला होता. कुठून, ते तिने कधी सांगितले नाही. हल्लीच्या बियांची फुले मोठी, झालरदार आणि बिनवासाची असतात. सासूचे फूल अंगठ्याच्या नखापेक्षा थोडेसेच मोठे, वरची पाकळी गडद किरमिजी आणि खालच्या दोन जांभळ्या. पण चार फुले पेल्यात ठेवली तर दोन खोल्या ओलांडून वास येई. मध आणि संत्र्याची साल एकत्र केल्यासारखा. मरताना सासूने दोघींना जवळ बोलावले होते. "बी दोघींचं," ती म्हणाली होती. "दर वर्षी अर्धं अर्धं."

वेल थोरलीच्या खिडकीखाली होते, म्हणून बी धरायचे काम तिचे. आणि अर्धे द्यायचेही तिचेच. ते ती चारचौघांत देई. घरी पाहुणे असले की चहा झाल्यावर आत जाऊन पुडी घेऊन येई. तिचा नवरा औषधवाला. तेव्हा चूर्णाच्या पुड्या हाताने बांधत, आणि तो गेल्यावरही तिची घडी त्याच्यासारखीच चोख असे. वर दोरा, दोऱ्याला फास.

"घे बाई तुझा वाटा. पंचवीस आहेत, मोजून घे. नंतर म्हणशील, थोरलीने खाल्ल्या."

धाकटी सगळे यथासांग करी. चाकूच्या टोकाने सालीला चीर द्यायची, रात्रभर कोमट पाण्यात ठेवायचे, माती चाळायची, बोटाच्या एका पेराएवढे खोल पेरायचे, उंदरांसाठी वर जाळी. मग दहा दिवस. मग वीस दिवस. मग बोटांनी उकरणे.

"बी जुनं असेल," तिचा नवरा म्हणे. तो पुस्तके बांधायचा. त्याच्या बोटांना नेहमी खळ लागलेली असे.

"ताईंचं त्याच बरणीतलं आहे. त्यांचं उगवतंय की."

"मग आपल्या मातीतच खोट असेल."

"मातीत मुळा येतो, लसूण येतो."

यावर तो पुस्तक उलटे करून त्याच्या पाठीला खळ लावू लागे.

थोरलीकडे मात्र उत्तर होते. "हाताला गुण लागतो, धाकटे. तो काही दुकानात मिळत नाही." पाहुणे हसत. धाकटीही हसे.

चौथ्या वर्षी धाकटीची मुलगी तापाने गेली. चार महिन्यांची होती. लोक भेटायला आले, तेव्हा थोरली दारात उभी राहून एका बाईला हळू आवाजात सांगत होती, "तिच्या हातात काही जगतच नाही हो, बिचारीच्या." धाकटी आतल्या खोलीत होती. तिला ते ऐकू आले. त्यातला शेवटचा शब्द तिला विसरता आला नाही.

तेव्हापासून तिने कोणाचे मूल उचलले नाही. थोरलीच्या सुनेला पहिला मुलगा झाला, तेव्हा ती पाळण्याशी गेली होती. थोरलीने तिचे मनगट धरले. "तू नको गं घेऊस. उगीच विषाची परीक्षा कशाला?" आणि धाकटी "खरंच की" म्हणून मागे सरली होती. तेव्हा तिने हात पाठीमागे बांधले ते तसेच राहिले. त्या घरातले जुने फोटो काढून पाहिले तर सगळ्यांचे हात दिसतात, कोणाचे मांडीवर, कोणाचे खांद्यावर. धाकटीचे कुठेच दिसत नाहीत.

कोंब दाखवले त्या दिवशी दुपारी थोरलीची सून भिंतीवरून आली नाही, दारातून आली. दुसऱ्या खेपेचे दिवस होते, चौथा महिना लागला होता.

"काकू, आई सकाळपासून बोलत नाहीत. बियांची बरणी तीनदा पालथी घातली. सगळे कप्पे उपसलेत."

"त्यांचं उगवलं नाही या वर्षी."

"माहीत आहे." सून बसली आणि टेबलावरच्या कागदाच्या कपट्याला घड्या घालू लागली. "काकू, निळ्या दोऱ्याची पुडी आणि पांढऱ्या दोऱ्याची पुडी, दोन्ही एकदम बांधतात त्या. पांढरी त्यांची. निळी तुमची."

"बरं."

"निळीतलं बी आधी पातेल्यात घालतात. दोन कढ येऊ देतात. मग गाळून, उन्हात वाळवून, पुडीत. मी नवीन होते तेव्हा विचारलं होतं. म्हणाल्या, कीड लागू नये म्हणून."

धाकटीने खिडकीतून आपल्या वाफ्याकडे पाहिले.

"आता डोळ्यांचं तर तुम्ही बघताच आहात. निळा आणि पांढरा त्यांना सारखाच दिसतो. आणि पेरून उरलेलं बी त्या चुलीत टाकतात, कोणाच्या हाती लागू नये म्हणून. घरात आता दाणा नाही."

"त्यांच्या स्वतःच्या बियांना कीड का लागत नाही, हे नाही विचारलंस?"

सुनेच्या हातातला कपटा इतका लहान झाला होता की आता त्याची घडी पडेना.

"सुचलं होतं," ती म्हणाली. "पण मला त्या घरात राहायचं होतं, काकू."

धाकटीने पाठीमागचे हात पुढे आणले आणि टेबलावर ठेवले. कोणी फार दिवसांपूर्वी उसने नेलेले भांडे परत आणून द्यावे आणि ते फुटले-बिटले नाही ना ते पाहावे, तसे तिने ते उलटसुलट करून पाहिले.

"चहा घेतेस?" तिने विचारले.

रात्रीच्या जेवणाला तिने नवऱ्याला सांगितले. तो ताटावरून उठला. "आत्ताच्या आत्ता जाऊन विचारतो वहिनींना."

"बसा. भाजी गार होतेय."

"अगं, अठरा वर्षं!"

"तेच म्हणते. एक दिवस इकडेतिकडे झाल्याने काय होतंय?"

बावीसातला एकही कोंब मेला नाही. तिसरी पाने आली तेव्हा तिने शेंडे खुडले. वेल उंच झाले तसे त्यांना वेताच्या काठ्या दिल्या आणि पुस्तके शिवायच्या दोऱ्याने बांधले. वेल स्वतःच्याच तणाव्यांत गुंतून वाकडा होतो, म्हणून रोज सकाळी ती तणावे कात्रीने कापी. ही सगळी कामे तिने अठरा वर्षे भिंतीवरून पाहिली होती. हातांना काही शिकवावे लागले नाही.

पलीकडे थोरलीच्या खिडकीखाली नुसत्याच काठ्या होत्या. डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितले होते. मोतीबिंदू काढता येईल, पण साखरेने डोळ्याचा आतला पडदाच गेला आहे. पुढच्या थंडीपर्यंत उजेड कुठला आणि अंधार कुठला, एवढेच कळेल. थोरलीने ऐकून घेतले होते. घरी आल्यावर फक्त एवढेच म्हणाली होती, "माझी खुर्ची खिडकीत सरकवा. वास तरी येईल."

फेब्रुवारीत पहिली फुले आली. धाकटीने पाच दांडे कापले, पेल्यात घातले, आणि थोरलीच्या खिडकीत नेऊन ठेवले. दुसऱ्या दिवशी नऊ. मग रोज. वेलावर एकही उमललेले फूल ती ठेवत नसे. येणारेजाणारे थांबत. जावेचे करावे तर असे करावे, म्हणत. थोरलीला हे ऐकू जाई. मान हलवण्यापलीकडे तिला काही करता येत नसे.

मार्चमध्ये एका सकाळी धाकटी पेला ठेवत असताना थोरलीने तिचा हात चाचपून धरला.

"सगळीच कापतेस?"

"सगळी. शेंग धरली की वेलाला वाटतं, आपलं काम झालं. मग फुलं थांबतात. तुम्हीच सांगायचात ना पाहुण्यांना?"

"एखाद्या वेलाला राहू द्यावी चार-दोन."

"आणि मग तुम्हाला वास कुठून येणार?"

थोरलीने हात सोडला.

महिनाअखेरीस सुनेला मुलगी झाली. धाकटी बघायला गेली आणि सवयीने दाराशीच उभी राहिली, हात मागे. थोरली खिडकीतल्या खुर्चीत होती.

"काकू, घ्या ना," सून म्हणाली.

धाकटीने थोरलीकडे पाहिले. थोरलीचा चेहरा खिडकीकडे होता. मग सुनेनेच मूल उचलून धाकटीच्या हातांत ठेवले. ते जरा कुरकुरले, तोंड वळवून तिच्या कोपराच्या खळगीत शिरले आणि गप्प झाले.

"कोणी घेतलंय तिला?" थोरलीने विचारले.

"मी, ताई."

"बरं. घे." थोरली म्हणाली, "आता झालं ना तुझ्या मनासारखं? मग शेंगा धर."

सून दूध तापवायला उठून गेली होती. धाकटी मूल घेऊन खुर्चीशी गेली.

"ताई, एक विचारू? माझं अठरा वर्षं उगवलं नाही. का असेल हो?"

पेल्यातल्या फुलांचा वास खोलीभर होता. मूल झोपेत चोखत होते. धाकटी उत्तराची वाट पाहत राहिली. पुढे कधी हे आठवले, की ती स्वतःशी म्हणे, मी खरोखरच वाट पाहिली होती. एक शब्द आला असता तरी मला पुरला असता.

"मला काय माहीत?" थोरली म्हणाली. "काहींच्या हाताला गुण उशिरा येतो."

"असेल," धाकटी म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून तिने टोकाच्या एका वेलाची फुले कापणे बंद केले. बाकीच्या वेलांची फुले उन्हे वाढेपर्यंत रोज खिडकीत जात राहिली. टोकाच्या वेलाला शेंगा धरल्या, भरल्या, पिवळ्या पडल्या. शेंग वाळली की पीळ घेऊन फुटते आणि बी दूर उडते, म्हणून तिने एकेका शेंगेला जुन्या मलमलीची पिशवी बांधली. जूनमध्ये बी काढले तेव्हा एकोणतीस भरले. काळेभोर, गुळगुळीत, टणक. इतक्या वर्षांत आपल्याला मिळाले ते सुरकुतलेले होते, हे तिला आता कळत होते. तेव्हा तिला वाटे, बी असेच असते.

तिने बावीसही वेल उपटून टाकले. एकोणतीसच्या एकोणतीस बिया एका कागदात घातल्या. स्वतःसाठी एकही ठेवली नाही. नवऱ्याच्या रिळातून पांढरा दोरा तोडला, घडीवर दोन वेढे दिले, फास घातला.

सून मुलांना घेऊन माहेरी गेली होती. थोरली एकटीच खिडकीत होती.

"ताई, बी आणलंय."

थोरलीच्या तोंडाकडे पाहून कोणालाही वाटले असते, की तिला दिसू लागले आहे. तिने दोन्ही हात पुढे केले. पुडी कानाशी नेऊन हलवली. बिया खुळखुळल्या.

"किती गं?"

"एकोणतीस."

"आणि तुझा वाटा?"

"मला नको. सगळं तुमचंच."

थोरली हसली. मग तिचा अंगठा घडीवरून फिरत फिरत दोऱ्यापाशी आला आणि थांबला. दोऱ्यावर तो पुढेमागे घासत राहिला. रंग काही बोटांना कळत नाही.

"दोरा कुठला आहे?" तिने विचारले.

धाकटीने दोऱ्याकडे पाहिले. खिडकीतल्या उन्हात तो पांढराशुभ्र दिसत होता.

"निळा," ती म्हणाली.

भिंतीपलीकडे तिचा नवरा पुठ्ठे कापत होता, त्याचा आवाज येत होता. थोरलीने पुडी मांडीवर ठेवली आणि तिच्यावर हात पालथा घातला. धाकटीने रिकामा पेला उचलला, विसळला, आणि घरी नेला.

पुडी थोरलीच्या कप्प्यात राहिली. त्या ऑक्टोबरात सुनेने ती पाहिली आणि म्हणाली, "आई, पेरू का?"

"दोरा कुठला आहे त्याला?"

"पांढरा."

"तुम्ही दोघी मिळालेल्या आहात. तुझी पोर दिवसभर तिच्या काखेत असते, ते काय मला कळत नाही?"

"खरंच पांढरा आहे, आई. तुमची शपथ."

"ठेव ती कप्प्यात. उकळलेलं बी पेरून हसं करून घ्यायला मी काय वेडी आहे?"

'उकळलेलं' हा शब्द ती एवढ्या एकाच वेळी बोलली, आणि तोही सुनेपाशी. पुढची दोन वर्षे ऑक्टोबर आला की ती पुडी मागवी, कानाशी हलवी, आणि परत ठेवायला लावी. तिसऱ्या वर्षी हलवल्यावर आवाज आला नाही. त्याच थंडीत ती गेली. खुर्ची शेवटपर्यंत खिडकीत होती. बाहेर काठ्या होत्या.

सुनेने पुडी उघडली तेव्हा आत भुंगे आणि पीठ होते. ते फूल मग दोन्ही घरांत पुन्हा झाले नाही. बियाणेवाल्यांकडून सुनेने दोनदा तशाच रंगाचे आणून लावले. उगवले छान, पण वास आला नाही. ती आता थकली आहे. थोरल्या मुलाकडे परगावी असते आणि सासूचा विषय निघाला की उठून आत जाते.

पुस्तके बांधणारा ब्याऐंशी सालापर्यंत बांधत होता. बोटे आखडली तेव्हा त्याने कामाचे टेबल त्या मुलीच्या हवाली केले, जिला धाकटीने पहिल्यांदा उचलले होते. ती धाकटीच्याच घरात वाढली असे म्हटले तरी चालेल. आळीतली तान्ही मुले रडायची थांबली नाहीत की लोक ती धाकटीकडे आणून देत. तिच्या हाताला गुण आहे, असे म्हणत. धाकटी ते ऐकून घेई.

वासाच्या वाटाण्याविषयी तिने कोणालाच काही सांगितले नाही. फक्त एकदा, शेवटच्या वर्षात, मुलीला शिवणीचा दोरा शोधताना एक डबी सापडली. आत वीतभर लांबीचे दोरे होते, एकेक नीट गुंडाळलेला. अठरा निळे. दोन पांढरे, त्यातला एक पुडीवरून सोडून सुनेनेच परत आणून दिलेला. मुलीने दोन्ही पांढरे तळहातावर घेतले.

"आजी, हे कशाला जपून ठेवलंत? याने काय शिवायचं?"

"काही नाही. निळे तुझ्या आजीचे आहेत, पलीकडच्या."

"आणि हे दोन?"

धाकटीने एक दोरा उचलून निळ्यांत टाकला. "हा चुकून आला."

"आणि हा?"

"तो माझा," ती म्हणाली, आणि डबीसाठी हात पुढे केला.